टाइप १ मधुमेह आणि रात्रीची शुगर: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे शुगरचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, म्हणजे आपल्या ग्लुकोमीटरवर दिसतात तेच. डोसची उदाहरणं हिशेब समजावा म्हणून दिली आहेत. स्वतःचा डोस स्वतःच्या डॉक्टरांबरोबर बसूनच बदला. रात्री तीनला शुगर का उतरली, याचं कारण बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी पाच ते नऊच्या मध्ये सापडतं. म्हणून इथे रात्रीइतकंच संध्याकाळबद्दलही वाचायला मिळेल.

झोपताना १४० होती, मग रात्री दोनला ५५ कशी झाली?

तो १४० चढता होता की उतरता? आणि अंगात किती इन्सुलिनचं काम अजून बाकी होतं? ही दोन उत्तरं नसतील तर १४० चा काही उपयोग नाही.

समजा रात्रीचं जेवण नऊला आहे आणि त्याआधी अर्धा तास रेग्युलर इन्सुलिन घेतलंय, म्हणजे बाटलीतलं, पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं. त्याचा जोर दोन ते चार तासांनी येतो, म्हणजे साडेदहा ते साडेबारा. शेपूट सहा-आठ तास, म्हणजे पहाटे अडीच ते साडेचारपर्यंत. भाकरी-आमटी त्याच्या बरीच आधी जिरलेली असते. अकराला दिसलेला १४० हा घसरगुंडीच्या मधला आकडा होता.

गढूळ दिसणारं एनपीएच किंवा ३०/७० मिक्स जेवणाआधी घेत असाल तर कारण आणखी उघड आहे. मिक्समधला ७० टक्के भाग गढूळच असतो आणि तो चार-सहा तासांनी जोर धरतो. रात्री साडेआठचं इंजेक्शन बरोबर एक-दोनला अंगावर येतं. अशा वेळी डॉक्टर बऱ्याचदा संध्याकाळचा एनपीएच वेगळा काढून झोपताना द्यायला सांगतात, म्हणजे त्याचा जोर पहाटेकडे सरकतो. मिक्समध्ये ही सोय नाही. एक भाग हलवला की दुसरा आपोआप हलतो.

लिस्प्रो, अस्पार्टसारख्या रॅपिड, म्हणजे झटपट चालणाऱ्या इन्सुलिनचं काम तीन-पाच तासांत आटोपतं. पण साडेनऊला जेवून अकराला झोपलात तर त्यातलंही साधारण निम्मं शिल्लकच असतं. जेवण आठला उरकलं तर झोपतानाचा आकडा विश्वासाचा. एवढा एकच बदल केला तरी पुष्कळ घरांतला रात्रीचा घोळ कमी होतो.

झोपताना किती असावी?

मोठ्यांना साधारण १०० ते १५०. एकटं राहणारे, लहान मुलं आणि लो झालेलं, म्हणजे शुगर फार उतरलेली, न कळणारे यांना डॉक्टर थोडी वरची पातळी सांगतात. १०० च्या खाली असेल आणि जेवणाचं इन्सुलिन अजून चालू असेल, तर १०-१५ ग्रॅम कार्ब, म्हणजे कर्बोदकं, खाऊन झोपा.

रात्री लो आली तर नेमकं काय द्यायचं?

७० च्या खाली लो, ५४ च्या खाली गंभीर लो. मोठ्या माणसाला १५ ग्रॅम ग्लुकोज, मुलांना किलोला ०.३ ग्रॅम. २० किलोच्या पोराला ६ ग्रॅम पुरतं. त्याला मोठ्यांचा डोस दिला की सकाळी ३०० दिसणार.

अर्ध्या झोपेत, मिणमिणत्या उजेडात चमचे मोजणं जमत नाही. चमचा कधी शीग लावून, कधी सपाट. म्हणून एकदाच दिवसा बसून ग्लुकोज पावडरच्या १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधा. त्याला गुजरीतल्या सोनाराचा काटा लागत नाही, स्वयंपाकघरातला साधा चालतो. चार पुड्या, झाकणाची पाण्याची बाटली आणि मीटर, सगळं उशाशी एका डब्यात. पावडर नसेल तर साखरेचे तीन चहाचे चमचे अर्धा कप पाण्यात.

आधी उठवून बसवा, मग घोट घोट द्या. आडव्या पोराच्या तोंडात पाणी ओतू नका. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या. ही पंधरा मिनिटं फार लांब वाटतात आणि सगळा घोळ त्यातच होतो. थरथर थांबत नाही म्हणून माणूस लाडू, बिस्किटं, दूध असं हाताला लागेल ते खात सुटतो. ग्लुकोज पोटातून रक्तात यायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि थरथर तर आकडा सुधारल्यावरही थोडा वेळ राहते.

शुगर वर आल्यावर, इन्सुलिन अजून चालू असेल तर मागून तीन मारी बिस्किटं किंवा पाव भाकरी दुधात कुस्करून.

आमच्यात लो झाल्यावर गरम दूध देतात. चालतं ना?

पहिला उपाय म्हणून नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर मिळतं तशा म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट असतं आणि पेलाभर, म्हणजे २०० मिलि दुधात साखर जेमतेम १० ग्रॅम. फॅटमुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि ती १० ग्रॅमही रेंगाळत पोचते. पेढा, चॉकलेट, शेंगदाण्याचा लाडू यांचंही तेच. दूध दुसऱ्या टप्प्यावर उत्तम. गूळ चालतो, पण खड्याचं वजन डोळ्यांनी कळत नाही आणि झोपाळू माणूस तो चघळत बसतो. द्यायचाच तर पाण्यात विरघळवून.

उठवूनही उठत नाही, झटके येतायत. आता?

तोंडात काहीही घालायचं नाही. साखर नाही, पाणी नाही, मधाचं बोटही नाही. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. ग्लुकागॉन, म्हणजे शुगर वर आणणारं इंजेक्शन, घरात असेल तर मोठ्यांना आणि २५ किलोवरच्या मुलांना १ मिलिग्रॅम, त्याखाली अर्धा. त्याने दहा-पंधरा मिनिटांत जाग येते आणि बऱ्याचदा उलटी होते, म्हणून कुशीवरच ठेवा. इन्सुलिन देऊ नका, हे सांगायला नको. पण घाबरलेल्या घरात कुणीतरी "शुगरवाला आहे ना, इंजेक्शन द्या" म्हणतंच.

रविवारी तांबडा-पांढरा झाला की रात्री दोनपर्यंत बरी असते आणि सकाळी २६०. रश्श्यात तर साखर नाही?

साखर नाही, पण फॅट आहे, आणि मटणाचं प्रोटीन आहे. ८० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ५५ ग्रॅम कार्ब. एरवी ते दोन-तीन तासांत रक्तात येतात. तर्रीबरोबर गेले की रेंगाळतात. वर फॅटमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि प्रोटीनची थोडी साखर तीन-चार तासांनंतर तयार होत राहते. तेवढ्यात रॅपिडचं काम संपलेलं असतं. म्हणून अशा जेवणानंतर आधी लो आणि पहाटे हाय, अशी उलटी जोडी दिसते.

जेवणाआधी पूर्ण डोस वाढवून घेणं हा सर्रास होणारा घोटाळा. त्याने अकराची लो आणखी खोल जाते. डॉक्टरांशी बोलून डोस दोन भागांत घ्या: एक जेवताना, उरलेला दीड-दोन तासांनी शुगर पाहून. रेग्युलर घेणाऱ्यांनी दुसरा भाग घेऊ नये, त्याचं शेपूट आधीच लांब असतं. आणि मटणाचा बेत दुपारी करा की! संध्याकाळपर्यंत सगळं डोळ्यांसमोर निस्तरता येतं.

कोजागरीच्या आटीव दुधाचं गणित सोपं आहे. पेलाभर दुधाचे १० ग्रॅम, वर तीन चमचे साखर घातली की २५. मध्यरात्री पूर्ण डोस न घेता कमी घेतलेला बरा, किंवा अर्धा पेला.

पोरगा संध्याकाळी तालमीत जातो. तिथे शुगर चढते आणि रात्री उतरते. असं कसं?

दोन्ही खरं आहे. कुस्तीची झटापट, जोर-बैठका अशा जोरकस कामात अॅड्रेनालिन सुटतं आणि लिव्हर साखर सोडतं, म्हणून तालमीतून आल्या आल्या २२० दिसते. मग स्नायू रिकामी झालेली साखरेची कोठारं रक्तातून भरत बसतात, आणि हे काम सहा ते पंधरा तास चालतं. म्हणजे थेट मध्यरात्र ते पहाट. शाहू स्टेडियमवर नव्वद मिनिटं पळून आलेल्या पेठेच्या फुटबॉल खेळाडूचीही रात्र अशीच जाते.

चूक होते ती त्या २२० ला. ते पाहून लगेच इन्सुलिन टोचलं की रात्रीची लो पक्की. तासभर थांबा, बहुतेक वेळा आपोआप उतरते. जेवणाचा डोस चौथाई ते निम्मा कमी आणि त्या रात्रीचं लाँग अॅक्टिंग (दिवस-रात्र संथ चालणारं इन्सुलिन) साधारण २० टक्के कमी, असा सल्ला डॉक्टर देतात. झोपताना किलोला ०.४ ग्रॅम कार्ब, इन्सुलिनशिवाय: ५० किलोच्या पोराला २० ग्रॅम, म्हणजे पेलाभर दूध आणि दोन मारी. डेग्लुडेक हे लाँग अॅक्टिंग घेणाऱ्यांनी एका रात्रीपुरतं कमी करून उपयोग नाही. ते ४० तासांवर अंगात असतं, त्याला आजचं उद्या कळतं. त्यांनी जेवणाचा डोस आणि खाणं यांवरच भर द्यावा.

वस्तादांना आणि बरोबरच्या दोन पोरांना हे माहीत असलंच पाहिजे. लपवून ठेवलेला मधुमेह आखाड्यात फार महागात पडतो.

सकाळी उठल्यावर २२०. रात्री लो होऊन उसळली असेल का?

हा समज फार जुना आहे. अंगावर लावायचे, सतत शुगर मोजणारे सेन्सर आल्यावर दिसलं की रात्री लो झालेल्यांची सकाळ बहुतेकदा खालीच असते. लो नंतरची हाय बऱ्याचदा झोपेत खाल्लेल्या चार चमच्यांची असते. नेहमीची कारणं दोन: पहाटे चार ते आठ या वेळात ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉल वाढून शुगर चढणं, किंवा रात्रीचं इन्सुलिन कमी पडणं.

तीन रात्री झोपताना, तीनला आणि उठल्यावर तपासा. १३०, १२५, २१० आलं तर पहाटेची चढण. १३०, १८०, २२० आलं तर लाँग अॅक्टिंग कमी किंवा जेवण उशिरा जिरलेलं. तीनला ६० दिसली तर डोस वाढवायचा विचारही करू नका. चढणीचा इलाज रात्री उपाशी झोपणं नव्हे. डोसची वेळ बदलणं, नाश्त्याचं इन्सुलिन उठल्या उठल्या घेणं, इन्सुलिन पंप असेल तर पहाटेचा वेग वाढवणं, हे डॉक्टरांशी बोलायचे मुद्दे.

लाँग अॅक्टिंगचा डोस बरोबर आहे की नाही, घरी कळेल का?

कळेल. साध्या दिवशी संध्याकाळी सातला हलकं, नेहमीचं, मोजता येईल असं जेवण घ्या. रस्सा नको, तळलेलं नको, व्यायाम नको, ताप नसावा. नंतर काही खायचं नाही. अकरा, दोन, पाच आणि सातला तपासा. अकरा ते सात यात ३० पेक्षा जास्त फरक पडला नाही तर डोस बसला. जास्त उतरली तर डोस जास्त होतोय, जास्त चढली तर कमी पडतोय. ७० च्या खाली गेली की चाचणी तिथेच थांबवा आणि ग्लुकोज घ्या. एका रात्रीवर निर्णय नको, दोन-तीन रात्री सारखंच दिसलं पाहिजे. बदल एका वेळी १० टक्के, आणि नंतर किमान तीन दिवस थांबायचं.

प्रत्येक रात्र वेगळी येत असेल तर आकड्यांआधी पोट तपासा. बेंबीच्या दोन्ही बाजूंना हात सपाट ठेवून हळू दाबत न्या. रबरासारखी मऊ, फुगीर गाठ लागेल. दिसत नाही, पण बोटाला कळते. तिथे टोचलेलं आज निम्मं लागतं आणि उद्या सगळं. तिथे दुखत नाही, म्हणूनच तर लोक तिथेच टोचत राहतात. ती जागा काही महिने सोडा. पण चांगल्या जागी जाताना आधी डॉक्टरांना विचारून डोस थोडा कमी करा, नाहीतर पहिल्याच रात्री लो येते.

रात्री अकराला २८०. इन्सुलिन घेऊन झोपू का?

आधी घड्याळ बघा. जेवणाचं रॅपिड घेऊन चार तास झाले नसतील तर ते अजून काम करतंय. त्यावर दुसरं चढवलं की दोन डोस एकमेकांवर साचतात. चार तास झाले असतील तर हिशेब असा: १८०० भागिले दिवसभराचं एकूण इन्सुलिन. दिवसाला ३६ युनिट घेणाऱ्याची शुगर एका युनिटने साधारण ५० उतरते. २८० वरून १५० वर यायला २.६ युनिट झाले. रात्री त्याच्या निम्मं, म्हणजे एक किंवा सव्वा, आणि दोन तासांनी पुन्हा बोट टोचून बघायचं. रात्रीची २०० सकाळपर्यंत चालते, ४० चालत नाही. रेग्युलरने मध्यरात्री दुरुस्ती करू नका.

उलट्या होतायत, जेवला नाही. रात्रीचं इन्सुलिन बंद ठेवू का?

नाही. टाइप १ मध्ये लाँग अॅक्टिंग कधीही पूर्ण बंद करायचं नाही. न खाताही लिव्हर साखर सोडत असतं, आणि इन्सुलिन नसेल तर चरबी जळून रक्तात केटोन साचतात. उलट्या हे बऱ्याचदा त्याचंच लक्षण असतं; घरचे मात्र बाहेरच्या वडापावला दोष देत बसतात.

केटोन तपासा. रक्तात (मिलिमोल प्रति लिटरमध्ये) ०.६ च्या आत ठीक, १.५ च्या वर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर तडक हॉस्पिटल. लघवीची पट्टी गडद जांभळी होणं हीही धोक्याची खूण. पोटात दुखणं, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास दिसला तर सकाळची वाट पाहू नका. शहरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय चोवीस तास उघडं असतं.

पेनचं इन्सुलिन संपत आलं, कार्ट्रिजमधून सिरिंजने काढून घेतलं तर?

इथे जीव जाऊ शकतो. आपल्याकडची बाटली बहुतेकदा ४० ची असते, म्हणजे मिलिलिटरला ४० युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनचं कार्ट्रिज १०० चं. ४० च्या सिरिंजवर १० च्या रेषेपर्यंत १०० चं इन्सुलिन भरलं तर आत २५ युनिट जातात. अडीचपट. बाटली आणि सिरिंज दोन्हींवर ४० लिहिलंय हे प्रत्येक वेळी वाचा. मेडिकलवाल्याने दिली म्हणून बरोबर असेल असं धरू नका.

झोपताना चुकून लाँगच्या जागी रॅपिड टोचलं. २० युनिट!

झोपू नका. घरातल्यांना उठवा. १० ग्रॅमला एक युनिट लागणाऱ्याला २० युनिट म्हणजे २०० ग्रॅम कार्ब, ग्लुकोजच्या तेरा पुड्या. एवढं पोटात राहणार नाही. ग्लुकोज घेत घेतच ड्रिप लावता येईल अशा हॉस्पिटलात जा. दुसऱ्याला गाडी चालवू द्या. तास-दोन तासांत जोर येतो आणि चार-पाच तास धोका राहतो. दोन-तीन युनिटची चूक असेल तर युनिटमागे १० ग्रॅम खा आणि चार तास दर अर्ध्या तासाला तपासा. राहिलेल्या लाँग अॅक्टिंगचं काय करायचं तेही त्याच रात्री डॉक्टरांना विचारा.

पुन्हा होऊ नये म्हणून रॅपिडच्या पेनला जाड रबरबँड गुंडाळा, अंधारातही बोटाला कळतो. रॅपिड स्वयंपाकघरात, लाँग पलंगापाशी.

सेन्सर रात्री ५० दाखवून ओरडतो, बोट टोचलं तर १०५. खराब आहे का?

त्या दंडावर झोपला होतात का? दाबाखाली तिथला द्रव हटतो आणि आकडा एकदम खाली पडतो. कूस बदलली की दहा-वीस मिनिटांत वर येतो. खरी लो हळूहळू उतरते, दाबाची लो कड्यावरून पडल्यासारखी दिसते.

शिवाय सेन्सर रक्तापेक्षा पाच-दहा मिनिटं मागे असतो. म्हणून अलार्म ७० ऐवजी ८० ला लावा. लो वर उपाय केल्यावर मात्र बोटाचाच आकडा धरा. रक्त ९० वर आलं तरी सेन्सर ६० दाखवत राहतो आणि माणूस उगाच दुसरी पुडी खातो. फोनचा बॅटरी सेव्हर त्या अॅपसाठी बंद ठेवा, नाहीतर अलार्म वाजणारच नाही.

स्ट्रिपा परवडत नाहीत. रोज तीनला तपासायलाच हवं?

नको. डोस बदलला, संध्याकाळी मेहनत झाली, दिवसा लो येऊन गेली, ताप आहे, दारू झाली, अशा रात्रींसाठी त्या राखून ठेवा. एरवी झोपतानाची आणि सकाळची पुरे. उशी घामाने ओली, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड, असं दिसलं की पुढच्या दोन-तीन रात्री तीनची तपासा.

दारू घेतली तर?

लिव्हर दारू निस्तरण्यात गुंततं आणि साखर सोडायचं थांबवतं. लो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत येऊ शकते. ग्लुकागॉनही तेव्हा नीट लागू पडत नाही. रिकाम्या पोटी नको, झोपताना कार्ब खाऊन झोपा आणि पहाटेचा गजर लावा. लो ची बडबड आणि दारूची बडबड सारखीच दिसते, मित्रांना आधी सांगून ठेवा.

शिरोलीला फौंड्रीत रात्रपाळी आहे. आणि गावाकडे गेलो की रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजायला जावं लागतं.

लाँग अॅक्टिंग घड्याळाच्या एकाच वेळेला ठेवा, पाळी कुठलीही असो. झोपेच्या वेळेशी बांधलंत तर दर आठवड्याला आठ-दहा तासांचा खड्डा पडतो. भट्टीच्या उष्णतेत इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि घामाने लो लपते. पेन खिशात ठेवू नका, डब्याच्या पिशवीत ओल्या फडक्यात ठेवा.

शेतात जाण्याआधी आकडा १२० च्या वर हवा. चिखलात बारी मोडत दोन तास वाकणं हा व्यायामच आहे, जेवणाचा डोस त्या हिशेबाने आधीच कमी करा. दोन पुड्या प्लास्टिकमध्ये बांधून कमरेच्या पाकिटात ठेवा, मोटारीच्या पेटीवर नको. लो आली की पेटीपर्यंत चालवत नाही. परतताना गाडीला किक मारण्याआधी पुन्हा बोट.

रात्रभर लाईट गेली, फ्रीजमधलं इन्सुलिन खराब होतं का?

एका रात्रीत नाही. दार उघडू नका. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या आत असेल तर साधारण २८ दिवस बाहेरच चालतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात ओल्या मडक्यात, कोरड्या डबीत घालून ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठी लाईट दिवसेंदिवस नव्हती, म्हणून पावसाळ्यात घर सोडायच्या पिशवीत दोन आठवड्यांचं इन्सुलिन, सुया, स्ट्रिपा आणि ग्लुकोज आधीच भरलेलं असू द्या.